कृष्णाकाठच्या ऊसशेतीचे अर्थकारण

ऊस हे सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णा खोऱ्याचे प्रमुख नगदी पीक आहे. रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, कराडजवळील सह्याद्री आणि साखराळे येथील राजारामबापू पाटील हे या भागातील प्रमुख सहकारी साखर कारखाने होत.

लागवड आणि खर्च

जुलै-ऑगस्टमधील आडसाली लागणीचा ऊस सुमारे १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. मशागत, बेणे, खते, मजुरी व पाणीपट्टी यांचा खर्च मात्र आधीच करावा लागतो. त्यासाठी अनेक शेतकरी विकास सोसायटीचे पीककर्ज घेतात व त्याची वसुली ऊसबिलातून होते. खोडव्याला नवे बेणे व पूर्वमशागत लागत नसल्याने त्याचा उत्पादनखर्च कमी येतो. पाण्याचा अतिवापर व अपुरा निचरा यांमुळे नदीकाठच्या काही जमिनी क्षारपड झाल्या असून तेथे उत्पादन घटले आहे.

दर आणि बिल

२००९ पासून केंद्र सरकार उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरवते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्यास तो क्विंटलमागे ३४० रुपये होता. महाराष्ट्रात त्यातून तोडणी व वाहतूक खर्च वजा होतो. उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी धरला जात असल्याने चांगल्या प्रतीच्या उसाला वेगळा दर मिळत नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार बिल १४ दिवसांत देणे बंधनकारक असून विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज देय आहे. तोड लांबून तुरा आल्यास उसाचे वजन घटते. हा तोटा उत्पादकालाच सोसावा लागतो.