उताऱ्याचें मूळ

पाठ्यपुस्तकांत दुसऱ्याचा उतारा घेतांना त्याचें मूळ सांगणें हा केवळ शिष्टाचार होय, असा कित्येक संपादकांचा समज दिसतो. इतिहास निराळें सांगतो. 1914 च्या कॉपीराइट कायद्यानें हिंदुस्थानांत लागू झालेल्या ब्रिटिश कायद्यांत, मुख्यतः हक्कमुक्त मजकुराच्या शालेय संग्रहांस इतरांचे लहान उतारे घेण्याची मुभा होती. परंतु एकाच लेखकाचे पांच वर्षांत दोनच, आणि तेही मूळ ग्रंथाचा निर्देश करून.

नाशिकास हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा. येथें 1989 सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. दूरस्थ विद्यार्थ्याचा गुरु बहुधा पुस्तकच. त्यांतून ग्रंथनामच गळालें, तर त्यानें पुढें शोधावें तरी काय?

नाशिकचेच वि. वा. शिरवाडकर घ्या. नाटकें या नांवानें, कविता ‘कुसुमाग्रज’ या नांवानें. तेव्हां निर्देशही त्याच नांवानें हवा. ते 1999 सालीं वारले. प्रचलित कायद्याप्रमाणें त्यांच्या लेखनाचे हक्क 2059 अखेरपर्यंत टिकतील. ‘साभार’ छापल्यानें परवानगी मिळत नाहीं, हें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. उलट, परवानगी मिळाली म्हणून नांव गाळतां येतें असेंही नव्हे: 1957 च्या कायद्याच्या 57 व्या कलमान्वयें, हक्क विकल्यावरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.