चाउसी (मांजर)

चाउसी ही रानमांजर आणि पाळीव मांजर यांच्या संकरातून निर्माण झालेली मांजराची एक दुर्मीळ जात आहे. रानमांजराच्या ‘फेलिस चाउस’ या शास्त्रीय नावावरून तिला हे नाव मिळाले. तिचा वन्य पूर्वज असलेले रानमांजर महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातही, आढळते. मराठीत त्याला बाऊल असेही म्हणतात. चाउसी पाळीव जात असली तरी रानमांजर हा वन्यप्राणी आहे. त्याची पिल्ले पकडून पाळणे बेकायदेशीर आहे.

वन्य पूर्वज

रानमांजराचा प्रसार ईजिप्तपासून आग्नेय आशियापर्यंत आहे. दाट अरण्यापेक्षा गवताळ माळ, झुडपी रान, नदीनाल्यांचे काठ आणि शेते त्याला अधिक मानवतात. वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्पाबरोबरच कपाशी, तूर व सोयाबीनच्या शेतांचा परिसरही त्याला अनुकूल आहे. उंदीर हे त्याचे मुख्य भक्ष्य असल्याने ते शेतकऱ्याला उपकारक ठरते. ससे, पक्षी व सरडेही ते खाते.

त्याचा रंग वाळूसारखा ते तांबूस-करडा असून पाय लांब, शेपूट तुलनेने आखूड आणि कानांच्या टोकांना काळ्या केसांचा लहान झुबका असतो. पायांवर पुसट पट्टे, शेपटीवर काळी वलये व टोक काळे असते. गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ ते ६६ दिवसांचा असून एका वेळी साधारणतः ३ पिल्ले होतात.

जातीचा उगम व वैशिष्ट्ये

अमेरिकेतील ‘द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन’ने १९९५ मध्ये चाउसीची नोंदणी स्वीकारली आणि २०१३ मध्ये तिला अजिंक्यपद स्पर्धांसाठी मान्यता दिली. संकरासाठी ॲबिसिनियन व आखूड केसांच्या पाळीव मांजरांचा उपयोग झाला. पहिल्या पिढ्यांतील नर बहुधा वंध्य असतात. पुढच्या पिढ्यांत पाळीव रक्ताचे प्रमाण वाढत जाते व स्वभाव सौम्य होतो.

चाउसी उंच, सडपातळ व लांब पायांची असते. पूर्ण काळा, तपकिरी छटांचा आणि चंदेरी टोकांच्या केसांचा काळा असे तिचे तीन रंग मान्य आहेत.

स्वभाव व निगा

चाउसी चपळ, जिज्ञासू व माणसाळणारी असते. तिला एकटेपणा मानवत नाही. चढण्यास उंच जागा, खेळ आणि सोबत न मिळाल्यास ती घरात नासधूस करते. तिला घरातच अथवा जाळी लावलेल्या आवारात ठेवावे, तसेच नसबंदी करून घ्यावी.

सर्व मांजरांप्रमाणे ती मांसाहारी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य तिला मांसातून मिळते. म्हणून केवळ दूध-पोळीवर तिचे पोषण होत नाही. कित्येक प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. विदर्भातील कडक उन्हाळ्यात सावली व स्वच्छ पाणी सतत उपलब्ध असावे. रेबीजसह नेहमीच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात.

कायदा व संवर्धन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानमांजराला संरक्षण आहे. त्याची शिकार करणे वा ते पकडणे हा गुन्हा ठरतो. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ते समाविष्ट आहे. ज्या संकरित मांजराच्या मागील चार पिढ्यांत रानमांजर आहे, त्यालाही हा करार लागू होतो. त्यामुळे अशा चाउसीच्या आयात-निर्यातीवर बंधने येतात.

जागतिक पातळीवर रानमांजराची गणना ‘कमी चिंताजनक’ गटात होते. तथापि माळरानांचा ऱ्हास, रस्त्यांवरील अपघात, विषप्रयोग आणि भटक्या कुत्र्यांचा उपद्रव यांमुळे ते अडचणीत येते. गावालगत पाळीव मांजरांशी होणारा संकर व त्यांच्यापासून पसरणारे रोग हेही धोके आहेत.

पिल्ले आढळल्यास

पीक काढताना शेतात पिल्ले दिसतात तेव्हा ती अनाथ आहेत असे समजून लोक उचलतात, किंवा बिबट्याची बछडी समजून घाबरतात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर दाट ठिपके असतात, तर रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर पुसट पट्टे असतात. आई बहुधा शिकारीस गेलेली असते व माणसे दूर झाल्यावर परत येते. त्यामुळे पिल्लांना न हाताळता काम थांबवून तेथून दूर व्हावे. ती जखमी असल्यास अथवा आई परतली नाही तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथील करुणाश्रमात जखमी प्राण्यांवर उपचार केले जातात.