बौद्धिक दिव्यांगांची लहान निवासगृहे : अमेरिकेतील नियमन

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना चोवीस तास निवास, देखभाल आणि दैनंदिन व्यवहारांचे शिक्षण देणाऱ्या, साधारणतः चार ते पंधरा जणांच्या निवासगृहांवरील शासकीय नियंत्रण. अमेरिकेत हे नियंत्रण तीन ठिकाणी विभागलेले आहे. मेडिकेड या अल्प उत्पन्न गटासाठीच्या शासकीय आरोग्य योजनेचा निधी व त्यासोबतचे किमान निकष केंद्राचे, परवाना आणि तपासणी राज्याची, तर असे घर कोणत्या वस्तीत चालू द्यावे हे ठरवणारी नगरपालिका.

लहान घरांची कल्पना मोठ्या संस्थांच्या अपयशातून पुढे आली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक स्टेट स्कूल सुमारे ४,००० जणांसाठी बांधलेली होती. १९६० च्या दशकात तेथे ६,००० हून अधिक लोक कोंबलेले होते. सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी १९६५ मध्ये तेथील दुरवस्था जाहीरपणे मांडली, पण फारसे काही हलले नाही. १९७२ मध्ये पत्रकार हेराल्डो रिव्हेरा यांनी आतले चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले आणि खळबळ माजली. पालकांनी लावलेल्या दाव्यात १९७५ मध्ये न्यायालयाच्या संमतीने तडजोड झाली आणि रहिवाशांना वस्तीतील लहान घरांत हलवणे राज्याला भाग पडले. संस्था १९८७ मध्ये बंद झाली.

दरम्यान मेडिकेडच्या कायद्यातील १९७१ च्या दुरुस्तीने अशा संस्थांना मेडिकेडचा पैसा मिळू लागला. नियम लिहिले गेले ते मोठ्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून. पुढे किमान चार खाटांच्या घरालाही तेच लागू झाले. १९८८ मध्ये त्यांची फेरमांडणी होऊन आठ मुख्य अटी ठरल्या : व्यवस्थापन, रहिवाशांचे संरक्षण, कर्मचारी, सक्रिय प्रशिक्षण, वर्तनविषयक उपाय, आरोग्यसेवा, इमारत आणि आहार. यांपैकी काही तरतुदी अगदी बारीक आहेत. एका खोलीत चारांपेक्षा जास्त जण नकोत. सामायिक खोलीत माणशी ६० चौरस फूट जागा हवी, एकट्याच्या खोलीत ८०. सौम्य अक्षमतेच्या ६.४ रहिवाशांमागे एक सेवक, तीव्र अक्षमता असल्यास ३.२ जणांमागे एक, हे प्रमाण सहा जणांच्या घराला लावताना दशांशांचे काय करायचे, हे ज्याचे त्याने पाहावे. छळाची तक्रार आल्यास चौकशीचा निष्कर्ष पाच कामकाजाच्या दिवसांत प्रशासकाकडे पोहोचला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची अट सक्रिय प्रशिक्षणाची. प्रवेशानंतर ३० दिवसांत प्रत्येकाची वैयक्तिक योजना तयार करावी लागते. राज्याचा तपासनीस न कळवता येतो, काही रहिवासी निवडतो आणि त्यांचा दिवस कसा जातो ते पाहतो : जेवण वाढून घ्यायला मिळते की ताट हातात दिले जाते, रिकामा वेळ टीव्हीसमोर जातो का. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांहून जास्त अंतर पडू देत नाहीत. नोंदवह्यांपेक्षा माणसाकडे पाहणारी ही पद्धत या साऱ्या नियमावलीतील सर्वांत शहाणी गोष्ट म्हणावी लागेल.

आगीबाबत मात्र १६ पर्यंत रहिवाशांच्या घरांचा वेगळा विचार होतो. रहिवासी तीन मिनिटांत बाहेर पडू शकतात, तेरा मिनिटांपर्यंत लागतात की त्याहून जास्त, यावर इमारतीच्या अटी ठरतात. प्रत्येक पाळीत दर तीन महिन्यांनी सराव घ्यावा लागतो.

कडवा संघर्ष झाला तो जागेवरून. टेक्सासमधील क्लीबर्न गावात १९८० मध्ये तेरा स्त्री-पुरुषांसाठी घर उघडण्याचा बेत होता. नगर परिषदेने विशेष परवाना मागितला आणि तीन विरुद्ध एक मतांनी नाकारला. वसतिगृहे, शुश्रूषागृहे किंवा भाड्याच्या सदनिका असत्या तर परवाना लागलाच नसता. कारणे दिली ती शेजाऱ्यांची नाराजी, समोरच्या शाळेतील मुले त्रास देतील ही भीती, आणि पाचशे वर्षांतून एकदा पूर येऊ शकेल अशी जमीन. त्या शाळेतच सुमारे तीस बौद्धिक अक्षम विद्यार्थी शिकत होते! सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै १९८५ रोजी हा नकार निराधार पूर्वग्रहावर उभा असल्याचे सांगून रद्द केला. मात्र बौद्धिक अक्षम व्यक्तींना भेदभावाविरुद्ध विशेष न्यायिक संरक्षणाचा वर्ग मानण्यास नकार दिला. ती पोकळी बऱ्याच अंशी १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यातील दुरुस्तीने भरून काढली. तिने घरांच्या बाबतीत अपंगत्वावरून भेदभाव करण्यास बंदी घातली.

१९८१ पासून मेडिकेडच्या सवलत योजनेतून संस्थात्मक निकषांबाहेरची घरेही उभी राहिली. त्यांची तपासणी मुख्यत्वे राज्यांच्या नियमांनी होते. २०१४ च्या केंद्रीय नियमाने तेथील रहिवाशाला खोलीच्या दाराला कुलूप, केव्हाही पाहुणे आणि केव्हाही खाणे हे हक्क दिले. अंमलबजावणीची मुदत लांबत मार्च २०२३ वर गेली.

घर लहान असले की ते सुरक्षित असतेच, हे गृहीतक टिकलेले नाही. चार भिंतींत दोन सेवक आणि बोलता न येणारे रहिवासी असतील तर बाहेरच्याला काही कळत नाही. केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा सहभाग असलेल्या जानेवारी २०१८ च्या संयुक्त अहवालात कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स व मेन या राज्यांतील घरांनी अनेक गंभीर घटना कळवल्याच नसल्याचे नमूद आहे. त्या उघड झाल्या रुग्णालयांच्या तातडीच्या उपचारांची बिले घरांच्या अहवालांशी ताडून पाहताना.