कॅरिबियन स्त्रिया, युद्धोत्तर ब्रिटनमधील

दुसऱ्या महायुद्धानंतर जमेका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना अशा वसाहतींतून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्रिया. हा इतिहास जून १९४८ मध्ये टिलबरी बंदरात आलेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजापासून सांगतात आणि त्याच्या छायाचित्रांत पुरुषच जास्त दिसतात. पण त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ५ जुलैला, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिला माणसांची चणचण होती, म्हणून कॅरिबियन बेटांवरून परिचारिकांची भरती झाली.

परिचर्येचे शिक्षण दोन तऱ्हांचे होते. तीन वर्षांनी ‘स्टेट रजिस्टर्ड’ परिचारिका होता येई, दोन वर्षांनी ‘स्टेट एनरोल्ड’. दुसरीला बढतीची वाट जवळपास बंद होती आणि मायदेशी त्या प्रमाणपत्राला फारशी किंमत नव्हती. पात्रता असूनही अनेकींना दुसऱ्या वर्गात घातले गेले. हा फरक काहींना कुणी सांगितलाही नाही. हा त्यांच्यावरचा मोठा अन्याय होता. बेडपॅन धुवायचे, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, आणि काळ्या हाताचा स्पर्श नको म्हणणाऱ्या रुग्णाचीही शुश्रूषा करायची. रात्रपाळी करून आलेली आई मुलांना शाळेत धाडून मगच पाठ टेके.

घरमालक दारातूनच परत पाठवत. बिऱ्हाड एका खोलीत, ऊब रॉकेलच्या हीटरची, स्वयंपाकाची शेगडी शेजाऱ्यांसोबत सामायिक. कर्ज मिळणे अवघड, म्हणून ‘पार्डनर’ चाले. ही आपली भिशीच: दर आठवड्याला ठरलेली रक्कम एका विश्वासू बाईकडे द्यायची, आणि जिचा नंबर लागेल तिने सगळी उचलायची. त्यातून घरांचे बयाणे भरले गेले, मायदेशी आजीपाशी ठेवलेल्या मुलांची तिकिटे निघाली.

गयानात शिक्षिका असलेल्या बेरिल गिलरॉय (१९२४–२००१) यांना लंडनमध्ये आधी बशा विसळाव्या लागल्या. पुढे त्या तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. ‘ब्लॅक टीचर’ (१९७६) हे त्यांचे आत्मकथन. त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स यांनी १९५८ मध्ये ब्रिक्स्टनहून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढले. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले; त्यानंतर जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी सेंट पँक्रसच्या सभागृहात कार्निव्हल भरवला.

आईबापांपाठोपाठ लहानपणी आलेल्या काही मुलांना उतारवयात कागदपत्रांअभावी बेकायदा ठरवून नोकरी, उपचार आणि राहते घर यांपासून तोडल्याचे २०१८ मध्ये उघड झाले.