रंगाची साक्ष

लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे आई आम्हां भावंडांना उटणे लावी. अंग पुसताना पंच्याला हळदीचे पिवळे डाग पडत आणि त्यांवर धुण्याचा साबण चोळला की ते एकदम तांबडे होत. "हळद रुसली!" असे आजी म्हणे. मग लिंबाची फोड फिरवून ती हळदीचा रुसवा काढी. आजी शाळेत गेलेली नव्हती. पण आम्ल आणि अल्क ओळखण्याचा पहिला धडा मी तिच्यापाशीच गिरवला.

पुढे रसायनशास्त्र शिकून मी एका लहानशा प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. एके दिवशी शिर्क्याची बाटली तपासायला आली. दुकानदार पाणी मिसळतो, अशी तक्रार होती. शिर्क्यात थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडायचा आणि दर्शकाचा रंग पालटला की थांबायचे. किती सोडा लागला त्यावरून आम्ल किती ते ठरते. यालाच अनुमापन म्हणतात. हाताशी मेथिल ऑरेंजची बाटली होती, तेच मी घातले. रंग झटकन पालटेना; तांबड्याचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा असा रेंगाळत गेला. हिशेब केला, तर आम्ल जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतके! दुकानदार लबाड, असे मी लिहूनही टाकले.

अहवाल सहीसाठी एका वयस्क सहकाऱ्यांकडे गेला. ते हसून म्हणाले, "अहो, तुमचा साक्षीदार खोटं बोलत नाही, पण खटला संपायच्या आतच तो उठून गेला!" त्यांनी फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालून प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी एका थेंबासरशी पात्रात गुलाबी छटा उमटली. शिर्का चोख निघाला. एका निरपराध माणसाची अब्रू माझ्या आळसापायी जाणार होती, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यानंतर या साक्षीदारांची कुळकथा मी हौसेने वाचून काढली. 1664 साली रॉबर्ट बॉइलने रंगांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्लाने लाल आणि अल्काने हिरवा होतो, हे त्याने त्यात नोंदवले. 1767 मध्ये विल्यम लुईस याने अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशचा कस लावण्यासाठी लिटमसने रंगवलेला कागद वापरला. हा लिटमस आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाईबंदांपासून निघतो. म्हणजे तेव्हाही प्रश्न व्यापारातल्या सचोटीचाच होता.

फुले आणि दगडफूल यांवर शतकभर भागले. मग 1871 मध्ये जर्मनीच्या अडॉल्फ बायरने फिनॉल्फ्थॅलीन तयार केले. 1877 मध्ये ते दर्शक म्हणून पुढे आले. 1878 मध्ये गेओर्ग लुंगे याने मेथिल ऑरेंज सुचवले. सोड्याच्या परीक्षेत कार्बनिक आम्लामुळे लिटमस गोंधळे, म्हणून द्रावण उकळावे लागे. मेथिल ऑरेंजने ती कटकट मिटवली. ज्याने मला फसवले, तो आपल्या जागी असा गुणी होता!

त्याची जागा कोणती, हे 1909 साली कोपनहेगनच्या सोरेन्सेनने पीएच मोजपट्टी दिल्यावर आकड्यांत सांगता येऊ लागले. सात म्हणजे उदासीन. खाली आम्ल, वर अल्क. मेथिल ऑरेंज 3.1 ते 4.4 मध्ये पालटते, फिनॉल्फ्थॅलीन सुमारे 8.2 ते 10 मध्ये. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्या झुंजीत शेवटच्या थेंबाला पीएच इतकी मोठी उडी घेतो की दोघांपैकी कोणीही चालतो. शिर्क्यातले आम्ल मात्र सौम्य. ते कॉस्टिक सोड्याने पुरते मारले की द्रावण किंचित अल्कधर्मी, साडेआठच्या आसपास राहते. तिथे फिनॉल्फ्थॅलीनच हवे. उलट अमोनियाचे मीठाच्या तेजाबाने अनुमापन केले, तर शेवट पाचाच्या जवळपास होतो; तिथे मेथिल रेडसारखा खालच्या पट्टीतला दर्शक लागतो. दर्शक निवडायचा तो रंगाच्या झळाळीवरून नव्हे, तर क्रिया कुठे संपते ते पाहून.

आता गंमत ऐका. हळद साडेसातच्या सुमारास तांबूस होऊ लागते, आणि तोवर शिर्क्यातले जवळजवळ सारे आम्ल संपलेले असते. म्हणजे त्या दिवशी मी विलायती बाटली सोडून आजीच्या डब्यातली चिमूटभर हळद घातली असती, तरी त्या दुकानदाराला न्याय मिळाला असता!