शेनिन ब्लाँ आणि मराठी ताट : एक ऐतिहासिक टिपण

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात शेनिन ब्लाँ या द्राक्षांपासून केलेली आंबटसर पांढरी वाइन रोजच्या जेवणात मासे वा बकरीच्या दुधाचे चीज यांसोबत घेतली जाते. नाशिक परिसरात ‘सुला’ने १९९७ मध्ये ही जात लावली आणि २००० मध्ये वाइन बाजारात आणली. राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने या व्यवसायास उत्तेजन दिले. ल्वारमध्ये तोडणी शरद ऋतूत होते. येथे एप्रिल व ऑक्टोबरच्या छाटण्यांनंतर ती हिवाळ्याच्या अखेरीस येते.

वेल रुजली, परंतु तिच्यासोबतची भोजनरीत रुजली नाही. पदार्थागणिक निराळी वाइन हा फ्रेंच संकेतही फार प्राचीन नव्हे. पदार्थ क्रमाने वाढण्याची ‘रशियन’ पद्धत तेथे एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तत्पूर्वी अनेक पदार्थ एकदम मांडले जात. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, असे सारे आजही एकत्रच असते. ल्वारमध्ये माशाला वाइन जो आंबटपणा पुरवते, तो येथे लिंबू वा कोकम आधीच देऊन मोकळे होते. खराडीसारख्या नव्या उपनगरात तळलेल्या सुरमईसोबत ही वाइन मागविणारा, प्रस्तुत लेखकाच्या मते, लिंबाच्या फोडीलाच पर्याय शोधत असतो. तिखट रश्शासमोर मात्र तिचा किंचित गोडसर प्रकारच टिकतो.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस मान्यता दिली, तेव्हा समर्थकांनी तिला शेतमालाचे उत्पादन म्हटले आणि विरोधकांनी दारू. ताटात तिची जागा ठरलेली नव्हतीच.