गावाच्या नावातले दोन सांधे

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. यात दोन समास आहेत. एक ऐकू येतो, दुसरा ऐकू येत नाही.

'पिंपळगाव' आपण पिं-पळ-गाव असं तोडतो. 'ळ'मधला 'अ' उच्चारत नाही, कारण तिथे 'पिंपळ' हा शब्द संपतो. हीच गोष्ट 'कापडबाजार'मध्ये दिसते: का-पड-बा-जार. पण 'कापडी' म्हणताना 'प'मधला 'अ' गळतो आणि काप्-डी होतं. म्हणजे समासातला सांधा अक्षरांची तोड ठरवतो. डचमध्ये जोडशब्दाचा मुख्य आघात बहुधा पहिल्या घटकावर असतो, त्यामुळे हा एकच शब्द आहे हे कानाला कळतं. मराठीत आघात क्षीण; इथे 'अ' कुठे गळतो हे जास्त उपयोगी पडतं.

आता 'कुंभार'. मूळ संस्कृत 'कुंभकार', म्हणजे उपपद तत्पुरुषाचं नेहमीचं उदाहरण. प्राकृतात दोन स्वरांमधला 'क' गेला, उरलेले स्वर एकत्र आले आणि कुं-भार झालं. सोनार, लोहार, चांभार यांचीही हीच वाट. बोलणाऱ्यांना 'कार' वेगळा वाटेनासा झाला, तेव्हाच तो 'क' शब्दाच्या पोटातला ठरून गळाला. 'पिंपळगाव'मधला 'ग' मात्र टिकला, कारण 'गाव' आजही स्वतंत्र शब्द आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात हे टिपलंय: समासातलं दुसरं पद वेगळं मानता येतं, म्हणून प्रत्यक्ष वापरात दोन्ही रूपं आढळतात.

संशोधनाची तयारी करताना इथे एक सापळा ओळखून ठेवा. 'कुंभार' हा शब्द जुना आहे, म्हणून गावही तितकंच जुनं, असं लिहायचा मोह होतो. ध्वनिबदल शब्दाचं वय सांगतो, वस्तीचं नाही. आज नवी वसाहत वसवून तिला 'कुंभारवाडा' म्हटलं, तरी त्यातला 'क' प्राकृत काळातच गळालेला असणार. गावाच्या वयासाठी ताम्रपट, शिलालेख, मोडी दफ्तर, उत्खनन असा वेगळा पुरावा लागतो. आणि मोडीत शब्द न तोडता सलग लिहिलेले असतात, म्हणजे तिथेही सांधा तुम्हालाच शोधायचाय.

तुमच्या तालुक्यातली दहा गावांची नावं घ्या. आधी लोकांच्या तोंडून ऐका, अक्षरं तोडा, मग व्युत्पत्तीकडे वळा.